काकूंच्या कमरेचं माप आणि नवा फोन

काकूंच्या कमरेबद्दल मी फोनमध्ये जे लिहून ठेवलं होतं, ते काकूंनी वाचलं असेल का, या एका काळजीत माझे ते चार-पाच दिवस गेले. एरवी दिवस आनंदाचे होते. घरात नवा फोन आला होता, काकूंच्या मुलीचं लग्न आठ-दहा दिवसांवर आलं होतं, आणि लग्नातल्या अकरा जणींची ब्लाऊज माझ्याकडे शिवायला होती. पण मला आनंदाच्या वेळी जास्तच भीती वाटते. स्वभाव आहे, काय करणार.

काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. मी अमरावतीकडची. सातवीत शाळा सुटली, कारण मोठ्या बहिणीचं बाळंतपण निघालं आणि घरात हाताखाली कोणीतरी हवं होतं. बाळ मोठं झालं, मी काही परत शाळेत गेले नाही. शेजारच्या बाईकडे शिवण शिकले. लग्नानंतर नवऱ्याला इकडे हायवेच्या कामावर जेसीबी चालवायला बोलावलं, म्हणून आम्ही नळदुर्गाजवळ अणदूरला आलो. रस्ता झाला, यंत्रं पुढे गेली, आम्ही मात्र इथंच राहिलो. आता तो एका खडी क्रशरवर मशीन चालवतो आणि मी काकूंच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते.

आलो तेव्हा पहिले दोन महिने मी काकूंना फार घाबरायचे. त्यांचा आवाज मोठा. त्यात बहिणीशी फोनवर कन्नडमध्ये बोलायच्या आणि बोलता बोलता माझ्याकडे बघायच्या. मला वाटायचं, भाडेकरू बदलायचं चाललंय. मी नवऱ्याला म्हणायचे, "सामान बांधून ठिवू काय?" नंतर एक दिवस त्यांची बहीण कर्नाटकातल्या तिच्या गावाहून आली, ती पिशवीभर कापड घेऊनच. तेव्हा कळलं की काकू इतके दिवस फोनवर माझी जाहिरात करत होत्या.

माझं पहिलं गिऱ्हाईकही त्याच. त्यांच्यामागून गल्ली आली, गल्लीमागून अर्धं गाव.

इथं रीत अशी की बाई कापडाबरोबर एक जुनं, नीट बसणारं ब्लाऊज आणून देते. त्याला मापाचं ब्लाऊज म्हणतात. माझ्याकडे अशी चाळीस-पन्नास ब्लाऊज गाठोड्यात पडून असायची, आणि कुठलं कोणाचं ते मलाच कळायचं नाही. एकदा एकीच्या मापाचं दुसरीला शिवलं गेलं. दोघी जावा होत्या, त्यामुळे ते प्रकरण बरेच दिवस चाललं. मग काकूंच्या मुलीनं मला वाट दाखवली. ती तेव्हा धाराशिवला कॉलेजात होती आणि शनिवार-रविवारी घरी यायची. माझ्या फोनवर तिनं नोंदी लिहायचं ॲप उघडून दिलं आणि म्हणाली, "ताई, एका बाईची एक नोंद. नाव लिहा, माप लिहा, संपलं."

फोनला जीमेल लागतो. माझा नव्हता. ती म्हणाली, "आईचाच टाकते. पासवर्ड विसरलात तर आईला विचारा." मला काय, बरंच वाटलं. पासवर्ड कागदावर लिहून मी मशीनच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन उघडते तर आत अख्ख्या गावाचे नंबर. सिलेंडरवाला, गिरणीवाला, देवळातले पुजारी, काकूंची धाकटी जाऊ. मला वाटलं, इकडे फोन असाच मिळतो, गावाच्या ओळखीसकट. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला फार आपलं आपलं वाटलं होतं.

तर मी मापं लिहायला लागले. पण नावं लिहायची मला भीती. फोन हरवला, कोणाच्या हाती लागला, तर बायकांची मापं चव्हाट्यावर. म्हणून मी प्रत्येकीला माझं एक नाव दिलं. 'दारातूनच चहा विचारणारी.' 'हिरव्या दाराची सून.' 'मोजताना गुदगुल्या होतात ती.' आणि मापाखाली माझ्यापुरती एक ओळ. हिरव्या दाराच्या सुनेखाली लिहिलं होतं, 'मागचा गळा खोल हवा, सासू बघायला आली तर वर पदर टाकून दाखवायचं.' अशा गोष्टी. हे सगळं फोनच्या पोटात राहणार, या भरवशावर.

काकूंची नोंद सगळ्यात पहिली. ती अशी होती: 'तिखट काकू. कंबर साडेसदतीस. मोजताना पोट आत ओढून धरतात, म्हणून दीड इंच वाढवून लिहिलंय. काही बोलल्या तर हो काकू म्हणायचं.' आणि त्याखाली, 'पहिलं ब्लाऊज यांनी दिलं. यांचं काम सगळ्यात आधी.'

मापं फोनमध्ये आली तशी मी सगळ्यांची जुनी ब्लाऊज ऐटीत परत केली. "आता गरज न्हाई, सगळं फोनात हाय," असं इथल्यासारखं बोलूनसुद्धा दाखवलं.

काम चांगलं चाललं. फक्त एक कोडं सुटत नव्हतं. सगळ्यांची ब्लाऊज नीट बसायची, काकूंचं मात्र दर वेळी कमरेत घट्ट. "अगं, माप चुकतंय तुझं," त्या म्हणायच्या, "श्वास घ्यावा का न घ्यावा माणसानं?" मी हो काकू म्हणायचे, आतलं सोडलेलं कापड उसवून सैल करून द्यायचे. नोंद उघडून बघायचे तर कंबर छत्तीस. मला आठवायचं की मी साडेसदतीस लिहिलं होतं. पण वाटायचं, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईनं फोनपेक्षा शहाणं होऊ नये. फोन सांगतोय छत्तीस तर छत्तीसच असणार, आपलंच डोकं चुकतंय. गणितात मला कधीच चांगले गुण नव्हते.

अजून एक गंमत. एकदा नोंदींमध्ये आपोआप लिहून आलं, 'साबुदाणा दोन किलो, भगर एक.' मला लिहिल्याचं आठवेना, पण मीच लिहिलं असणार म्हणून आणलं. आठवडाभर आम्ही खिचडी खाल्ली. नवरा म्हणाला, "उपास कोनाचा हाय आपल्या घरी?" मी म्हटलं, "फोनचा."

आता मूळ गोष्टीवर येते.

एका रविवारी फोन हातातून निसटला आणि थेट इस्त्रीच्या स्टँडच्या कडेवर आपटला. काच फुटली, वर नुसत्या हिरव्या रेघा. नवऱ्यानं संध्याकाळीच नवा फोन आणला. लग्नाचं काम डोक्यावर आहे, फोनशिवाय तू जेवणार पण नाहीस, असं म्हणाला. खरंच होतं ते.

सोमवारी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, त्याच्या बायकोची ब्लाऊज माझ्याकडेच असतात. तो म्हणाला, "वहिनी, टेन्शन घेऊ नका. सगळं वर ढगात असतंय. जुना फोन विहिरीत पडला तरी माल वरच्या वर राहतो."

मी म्हटलं, "ढगाचा काय भरवसा? इकडं तर ते नुसते येऊन जातात."

"ह्यो ढग पडतोय वहिनी. बसा, चहा घ्या."

खणातला कागद मी नेलाच होता. त्यानं आयडी टाकला, पासवर्ड टाकला, आणि खरंच एकेक गोष्ट वरून उतरायला लागली. नंबर आले, फोटो आले, आईचा फोटो आला, गावाकडच्या घराच्या पायरीवर बसलेली. माझा जीव भांड्यात पडला. मग तो म्हणाला, "वहिनी, ही आयडी दुसऱ्याची दिसतीय अन् पार भरून गेलीय. तुमचा स्वतःचा जीमेल काढून देऊ का? एकदा बसवलं की कटकट न्हाय." मी म्हटलं, काढा. माझ्या नावाचं खातं तयार झालं, त्यानं जुनी आयडी काढून टाकली, आणि मी फार मोठ्या तोऱ्यात घरी आले.

मशीनवर बसले, काकूंच्या मुलीचं हळदीचं कापड समोर पसरलं, कात्री घेतली, आणि माप बघायला नोंदींचं ॲप उघडलं.

आत काहीच नव्हतं. मधोमध दिव्याचं एक चित्र, आणि खाली, 'तुमच्या नोंदी इथे दिसतील.'

कधी दिसतील ते लिहिलं नव्हतं.

मी फोन बंद करून चालू केला. नेट बंद करून चालू केलं. वर गच्चीवर जाऊन उभी राहिले, तिथं रेंज चांगली येते म्हणून. बोटानं खाली ओढलं की एक बाण गोल गोल फिरायचा आणि थांबायचा, आणि परत तेच चित्र. एवढ्या वर्षांची मापं, पावणेदोनशे बायका. मी तशीच दुकानात पळाले.

दुकानदारानं बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, गेलं काहीच न्हाय. नोंदी त्या जुन्या खात्यावर हायेत, अन् तुम्ही आता नव्या खात्यात बसलाय. जुनं परत टाकू. पण आता ते इचारतंय की दुसऱ्या फोनवरनं हो म्हणा. त्या खात्यावर कुणाचा फोन चालतोय?"

"काकूंचा," मी म्हटलं.

"मग सोपंय की. त्यांच्या फोनवर 'हो, मीच' दाबा." आणि मग अगदी सहज तो म्हणाला, "तसं त्यांच्या फोनात बी दिसत असणार सगळं. खातं एकच हाय न्हवं."

तो पुढे काय बोलला ते मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. तिखट. तिखट काकू. आणि त्याच्यामागे, पोट आत ओढून धरतात.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला. "अवं, जाऊन सांग ना त्यायले. खाऊन टाकनार हायेत काय?"

त्याला काय कळणार. या गावात माझं म्हणून जे काही आहे, ते काकूंच्या ओसरीवरून आलेलं आहे. त्या बाईनं मला उभं केलं आणि मी तिच्याबद्दल हे लिहून ठेवलं, तेही तिच्याच खात्यात. नुसतं तिच्याबद्दलच नाही, गल्लीतल्या प्रत्येकीबद्दल. काकूंनी ते वाचलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल? आणि अजून वाचलं नसेल, तर मी विचारायला गेले की वाचतीलच.

म्हणून मी न विचारताच मार्ग काढायचा ठरवलं. टेप गळ्यात अडकवला आणि लग्नातल्या बायकांच्या घरी निघाले. "नव्या फोनसाठी नवं माप घेतेय," असं सांगत.

"का गं, मी जाड झाले म्हणतीस का?" एकीनं दारातच विचारलं.

"नाही हो, फोन नवा आहे ना."

"फोन नवा हाय, कंबर जुनीच हाय माझी."

तिची सासू आतून म्हणाली, "घे गं घे माप. कंबर जुनीच हाय, पर आता दोघींची हाय ती."

हसतखेळत दोन दिवसांत नऊ मापं झाली. राहिल्या दोघी. एक नवरी, ती पुण्याला नोकरीला, हळदीच्या आदल्या दिवशी येणार, तोवर सगळं शिवून तयार हवं. आणि दुसऱ्या म्हणजे काकू. त्यांच्यासमोर टेप घेऊन जायची माझी हिंमत होईना. नवरीला फोन करून माप विचारलं तर ती म्हणाली, "ताई, मला कुठलं पाठ? तुमच्या फोनात आहे की."

गुरुवारी सकाळी मी गेले.

काकू ओसरीवर बसून पाहुण्यांसाठी केलेल्या कडक भाकऱ्या डब्यात रचत होत्या. एक भाकरी मोडली की कपाळाला आठी घालत आणि तुकडा तोंडात टाकत.

"काकू, तुमचा फोन जरा मिळेल का?"

"घे की. तिथं कोनाड्यात हाय. कशाला पायजे?"

"ते... नव्या फोनला विचारायचंय म्हणे, मीच आहे का म्हणून."

"तूच हायस की. त्यात काय इचारायचं?"

मी त्यांचा फोन घेतला, माझा फोन घेतला. जुना आयडी टाकला. काकूंच्या फोनवर प्रश्न आला, मी 'हो, मीच' दाबलं. माझ्या फोनवर बाण फिरला, थांबला, परत फिरला. आणि एकेक करून सगळ्या आल्या. दारातूनच चहा विचारणारी आली. गुदगुल्यावाली आली. नवरी आली. मला रडूच यायला लागलं.

पण सगळ्यात वर होती 'तिखट काकू'. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बदल केला: मंगळवार.'

माझा फोन तर रविवारी फुटला होता.

मी नोंद उघडली. कंबर साडेपस्तीस.

मी वर बघितलं. काकू भाकरी हातात धरून माझ्याकडेच बघत होत्या.

"लग्न जवळ आलंय," त्या म्हणाल्या, "तवर उतरंल म्हणलं अर्धा इंच."

मी विचारलं, "काकू, तुम्ही... कधीपासून?"

"झाली की तीन-चार वर्षं. एक दिवस त्या दिव्याच्या चित्रावर बोट पडलं. बघते तर हे. वाचत बसले, चूल इझली तरी ध्यानात आलं न्हाय."

"आणि छत्तीस तुम्ही केलं?"

"मग! छत्तीसच हाय माझी कंबर. तू दीड इंच कुठनं वाढिवलास? फोनात लिहिल्यालं साऱ्या जगाला दिसतंय म्हणती माझी पोरगी. जगाला कशाला खोटं सांगायचं?"

"अहो पण काकू, म्हणूनच तर ब्लाऊज घट्ट होत होतं!"

काकू हातातली भाकरी मोडून मोठ्यानं हसल्या. "अय्यो! अन् मी तुला बोलत हुते! मला वाटायचं, हिचा हातच आवळ हाय."

मी हात जोडले. म्हटलं, "काकू, ते तिखट म्हणून लिहिलं... चुकलं माझं. मी अशीच आपली लक्षात राहावं म्हणून..."

"तिखट तर हायच मी. खोटं काय लिहिलंस? सासू गेली तवापस्नं ह्या घरात कुणीतरी तिखट लागतंच." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "अन् खालची ओळ बी वाचली मी. यांचं काम सगळ्यात आधी. ती वाचून मग काय बोलू तुला?"

मी पदर नीट करायचं निमित्त करून तो डोळ्याला लावला. त्या तिकडं बघेनात. मग एकदम आठवलं म्हणून म्हणाल्या, "अन् हे बघ, तो साबुदाणा माझा हुता. मी यादी केली, बाजारातनं आणायची ऱ्हायली, अन् इथं आठवडाभर तुझ्या घरात खिचडीचा वास. मी म्हणलं, ही बया एवढे उपास कशाला करतीय?"

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं ते दुसरंच. हिरव्या दाराची सून काकूंच्या सख्ख्या भाच्याची बायको. तिच्या गळ्याची गोष्ट काकूंना इतकी वर्षं माहीत होती. आणखीही कितीतरी जणींच्या गोष्टी. पण गल्लीत एक शब्द फुटला नव्हता. मी तसं म्हटलं तर त्या माझ्यावरच रागावल्या. "बाईचं माप काय सांगायची गोष्ट हाय का?"

दुपारी पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिला सगळं सांगितलं तशी ती कपाळावर हात मारून घ्यायला लागली. "ताई, चूक माझी आहे. घाईत आईचं खातं टाकलं मी." मग कुठं काय दाबायचं ते तिनं एकेक करून सांगितलं. सगळ्या नोंदी माझ्या खात्यावर आल्या. "आता आईच्या फोनातून काढून टाकते," ती म्हणाली.

"थांब," काकू म्हणाल्या. "माझी तेवढी ऱ्हाऊ दे."

"आई, कशाला?"

"आपला खंडोबा दोन महिने नळदुर्गाला जातो, तवा दोन्ही गावची माणसं बसून लेखी करार करत्यात. कधी न्यायचा, कधी आणायचा, सगळं कागदावर. देवाचं बी तोंडी चालत न्हाय. अन् हिनं फोन बदलला तर मला एका शब्दानं इचारलं न्हाय. माझं माप दोघींच्या फोनात ऱ्हाईल. मला न इचारता ह्या फोनातनं त्या फोनात जायचं न्हाय."

मुलगी हसत हसत म्हणाली, "घ्या ताई, झाला करार."

मग मी धीर करून टेप पुढे केला. म्हटलं, "काकू, इरकलीवरचं ब्लाऊज अजून कापलं नाही. एकदा खरं माप घेते."

"टेप नको. आकडा मी सांगन. इचार करून सांगन."

मी हट्ट केला नाही. नवरीची सगळी कापडं त्या रात्रीच्या आत कापून ठेवली, बाकीच्यांची शिवून झाली. हिरव्या दाराच्या सुनेचा गळा तिला हवा तेवढा ठेवला. आईला फोन करून ही सगळी हकीकत सांगितली तर ती म्हणाली, "माय वं, देवमानूस भेटली तुले. जपून ऱ्हाय तिले." मी म्हटलं, जपूनच आहे, दीड इंचानं.

काकूंचं कापड मात्र शनिवारपर्यंत तसंच घडी घालून ठेवलेलं. आता शिवायला घेतलं नाही तर लग्नात त्यांना जुनंच घालावं लागणार होतं. पण करार म्हणजे करार. मी विचारायला गेले नाही. सकाळी चहा ठेवून सहज फोन उघडला, तर त्यांची नोंद परत सगळ्यात वर आलेली.

कंबर अडतीस. आणि खाली, एकेक अक्षर शोधून लिहिलेलं असावं तसं, 'लग्नात पोटभर जेवायचं हाय. कुणाला सांगू नको.'

मी कात्री हातात घेतली. पण त्याआधी त्यांच्या ओळीखाली दोन शब्द लिहिले, आणि ते पलीकडच्या ओसरीवर पोचेपर्यंत बाण फिरताना बघत राहिले.

'हो काकू.'